उत्तरेचा शिशिर आणि लहान मुले

इसवी सन १९४० च्या फेब्रुवारी महिन्यात स्वीडनमधील शाळा एक आठवडा बंद ठेवण्यात आल्या. महायुद्धामुळे परदेशातून येणाऱ्या कोळशाची व कोकची आवक आटली होती, शाळांच्या विस्तीर्ण इमारती उबदार ठेवण्यासाठी लागणारा इंधनाचा साठा पुरवून वापरणे प्राप्त होते, आणि मुलांना घरी बसवल्याने तेवढीच बचत होईल, असा तो रोकडा हिशेब होता. घरी बसलेल्या मुलांचे करायचे काय, हा प्रश्न ओघानेच उभा राहिला व त्याचे उत्तर म्हणून ठिकठिकाणी बर्फावरील खेळांची तजवीज करण्यात आली. पुढे युद्ध संपले, कोळसाही मिळू लागला; परंतु एकदा प्रजेच्या पदरात पडलेली सुटी परत मागून घेणे कोणत्याही सरकारला जड जाते, शिवाय भर हिवाळ्यात वर्गातील दाटीमुळे पसरणाऱ्या साथींना या खंडामुळे आळा बसतो असा युक्तिवादही तिच्या बाजूने होता, त्यामुळे टंचाईच्या पोटी जन्मलेली ही सुटी ‘स्पोर्तलोव’ या नावाने, म्हणजे क्रीडेची सुटी म्हणून, कायमची मुक्कामास राहिली. आज ती सर्व देशास एकाच वेळी मिळत नाही: वर्षाच्या सातव्या आठवड्यात गोथेनबर्गकडील मुले सुटतात, आठव्यात माल्मोकडील, नवव्यात स्टॉकहोमची आणि दहाव्यात उत्तरेकडील इलाख्यातील. फिनलंडमध्येही आठवा, नववा व दहावा असे तीन आठवडे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाटून दिलेले आहेत. डोंगरातील झोपड्यांवर आणि आगगाड्यांवर एकदम गर्दी लोटू नये, हा त्यामागील सोयीचा विचार.

हा सारा शिरस्ता आरंभीच सांगण्याचे कारण असे की, लहान मुले बरोबर घेऊन हिवाळ्यात उत्तर युरोपला जाण्याचा बेत जे आईबाप आपल्याकडे आखतात, त्यांच्या मनातील चित्र बहुधा डिसेंबरचे असते. नाताळ, सांताक्लॉज, काचेच्या छताची खोली आणि आकाशात नाचणारा हिरवा प्रकाश, एवढ्या सामग्रीवर ते चित्र रंगवलेले असते, व प्रवासी कंपन्यांची रंगीत पत्रके त्यात भर घालीत असतात. त्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे मात्र आपल्या मुलांना घेऊन बर्फात मुक्काम करायला निघतात ती फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चच्या आरंभी, म्हणजे आपल्या ऋतुगणनेप्रमाणे ऐन शिशिरात. आणि ज्यांना तेथील हिवाळा जन्मापासून ठाऊक आहे त्यांच्या निवडीस पाहुण्याने थोडा मान द्यावा, असे माझे मत आहे.

या निवडीचे मर्म प्रकाशात आहे. आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेल्या रोव्हानिएमी या लॅपलंडच्या राजधानीत डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत सूर्य जेमतेम दोन-सव्वादोन तास क्षितिजाला चिकटून सरकतो आणि मावळतो. अगदी उत्तरेच्या उत्स्योकी भागात तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवतच नाही. या काळाला फिन लोक ‘कामोस’ म्हणतात. त्या काळातही निबिड अंधार असतो असे नाही, दुपारच्या सुमारास बर्फावर एक निळसर संधिप्रकाश पसरतो आणि रसिक मनाला तो मोहवतोही; परंतु ज्या मुंबईचा वर्षातील सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो तेथून आलेल्या चार वर्षांच्या मुलाला दुपारी तीन वाजता रात्र झाल्याचे समजावून सांगणे, आणि त्याच मुलाला पहाटे चार वाजता अजून सकाळ झालेली नाही हे पटवून देणे, ही दोन्ही कामे रसिकतेच्या पलीकडची आहेत. फेब्रुवारी संपता संपता त्याच रोव्हानिएमीत दिवस जवळजवळ दहा तासांचा झालेला असतो आणि रोज सहा-सात मिनिटांनी वाढत असतो. बर्फ तर तेव्हा बहुधा डिसेंबरपेक्षाही खोल असते, कारण सबंध हिवाळाभर ते साचत आलेले असते. थंडी मात्र किंचित हात आखडू लागते, आणि शुभ्र भूमीवरून परावर्तित होणारे ऊन इतके प्रखर असते की मुलांच्या डोळ्यांवर काळा चष्मा लागतो.

थंडीविषयी आपल्याकडे जे भय आहे ते निराधार नाही. फिनलंडमधील नोंदलेले नीचतम तापमान शून्याखाली ५१.५ अंश आहे. ते १९९९ च्या जानेवारीत कित्तिला परगण्यातील पोक्का या खेड्यात मोजले गेले. परंतु असे आकडे अपवादाचे असतात. प्रवाशाच्या वाट्याला लॅपलंडमध्ये सामान्यतः उणे पाच ते उणे वीस अंशांचा टप्पा येतो, व त्यात तेथील पाळण्यातली मुलेदेखील सुखाने वाढतात. हा केवळ रक्ताचा वा वंशाचा गुण नव्हे. वस्त्रांचा, इमारतींचा आणि वेळापत्रकाचा जो कडेकोट बंदोबस्त त्या समाजाने करून ठेवला आहे त्याचे ते फळ होय, आणि बंदोबस्त ही गोष्ट पाहुण्यालाही शिकता येते.

त्यातील वस्त्रांचे प्रकरण सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सहलीचे यश व अपयश निम्म्याहून अधिक तेथेच ठरते. आपण थंडी म्हटली की एक जाड कोट घेतो. तेथे मुलाच्या अंगावर तीन पदर चढवतात. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ सदरा व पायजमा, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा दुसरा थर, आणि सर्वांवर मानेपासून घोट्यापर्यंतचा एकसंध, वारा व पाणी अडवणारा पोशाख. सुती कापड अंगालगत चालत नाही, कारण ते घाम शोषून ओलेच राहते, आणि ओल्या कापडाइतका थंडीचा विश्वासू हस्तक दुसरा नाही. हातमोजे पाची बोटे वेगळी करणारे नसावेत. चार बोटे एकत्र राहिली म्हणजे ती एकमेकांना ऊब देतात. बुटांच्या आत काढता येण्याजोगे नमद्याचे अस्तर असावे आणि बूट पायापेक्षा किंचित मोठे असावेत, कारण घट्ट बुटात हवेला जागा उरत नाही, आणि उष्णता धरून ठेवण्याचे काम मुख्यतः ती कोंडलेली हवाच करते. हा सगळा सरंजाम मुंबई-पुण्याहून विकत घेऊन नेण्याची मुळीच गरज नसते. लॅपलंडच्या मुक्कामांवर बाहेरचे पोशाख व बूट भाड्याने मिळतात, अंगालगतची लोकरीची वस्त्रे तेवढी स्वतःची हवीत. खांद्याला वा खिशाला लोंबणारा, प्रकाश परावर्तित करणारा बिल्लाही विसरू नये. अंधारात रस्त्याने चालणाऱ्याने तो वापरावा असा फिनलंडमध्ये कायदाच आहे.

कपडे घालण्याचाही एक क्रम आहे. घरे आत वीस-एकवीस अंशांवर उबदार असतात, तेव्हा सर्व पदर चढवून दाराशी उभे केलेले मूल पाच मिनिटांत घामाघूम होते, आणि तो घाम बाहेर गेल्यावर गोठू लागतो. म्हणून आधी मोठ्यांनी स्वतः तयार व्हावे आणि मुलाला सर्वांत शेवटी कपडे घालून लगेच बाहेर पडावे. बाहेरही एक सावधगिरी हवी. घसरगाडीला बांधलेली दोरी ओढीत चालणारा बाप श्रमाने तापलेला असतो आणि गाडीत स्वस्थ बसलेले मूल गारठत असते. आपल्या अंगावरून त्याच्या थंडीचा अदमास घेणे म्हणून घातक. मान व पाठ हाताने चाचपून पाहावी, दर अर्ध्या तासाने त्याला उतरवून धावायला लावावे, आणि गालावर पांढरा ठिपका दिसला की त्यावर बर्फ चोळण्याचा जुना अघोरी उपाय न करता उबदार तळवा ठेवून मुलाला आत न्यावे.

बर्फाच्या मोसमात फिनलंडमधून हिंडणाऱ्या परदेशी माणसाला सर्वांत अधिक चकित करते ते एक दृश्य म्हणजे घराच्या ओसरीवर किंवा अंगणात उभी असलेली बाबागाडी आणि तिच्यात दुलईखाली गाढ झोपलेले तान्हे मूल. ही हयगय नव्हे, हा वैद्यकीय उपदेशाचा वारसा आहे. फिनलंडमधील बालवैद्यकाचे अध्वर्यू आर्वो इल्प्पो (१८८७–१९९२) यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जेव्हा घरे धुराने व कोंदट हवेने भरलेली असत आणि क्षयाचा संचार होता, तेव्हा मुलांना मोकळ्या हवेत झोपवण्याचा आग्रह धरला, आणि घरे स्वच्छ झाल्यावरही तो प्रघात राहिला. पाहुण्या कुटुंबाने त्याचे अनुकरण करावेच असे नाही. पण दुपारी फिरताना बाबागाडीत मूल झोपी गेले तर घाबरून त्याला लगोलग आत नेण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून कळते.

आता दिवस घालवायचा कसा? मोठ्या माणसांच्या यादीत प्रेक्षणीय स्थळे असतात. मुलाच्या यादीत बहुधा एकच टेकडी असते. पुल्का नावाची प्लॅस्टिकची उथळ घसरगाडी घेऊन ती टेकडी चढणे, खाली सुटणे आणि पुन्हा चढणे, या उद्योगात तीन वर्षांचे मूल सबंध सकाळ घालवते, आणि त्या काळात जगातील कोणताही राजवाडा त्याला नको असतो. ऑस्लो शहराने तर या हौसेला नागरी वाहतुकीची जोड दिली आहे. फ्रोग्नरसेतेरेनपासून मिडस्टुएनपर्यंत ‘कोर्केत्रेक्केरेन’ नावाचा सुमारे दोन किलोमीटर लांबीचा वळणावळणाचा उतार आहे. १९५२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्लेच्या शर्यती याच जागी झाल्या होत्या. भाड्याची घसरगाडी घेऊन खाली यावे, ती काखोटीस मारून शहराच्या मेट्रोत बसावे, आणि वर जाऊन पुन्हा सुटावे. सकाळी कचेरीत निघालेले गंभीर नागरिक आणि बर्फाने माखलेली मुले एकाच डब्यात शेजारी बसलेली पाहिली म्हणजे त्या शहराच्या राज्यकारभाराविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

फिनलंडमध्ये उपवासपर्वाच्या आधीच्या मंगळवारी, जो बहुधा याच सुमारास येतो, ‘लास्किआइनेन’ साजरा होतो. त्या दिवशी लहानथोर सगळे उतारावर लोटतात, घरी आल्यावर वाटाण्याचे घट्ट सूप पितात आणि साय भरलेले गोड पाव खातात. स्वीडनमध्ये याच पावाला ‘सेमला’ म्हणतात आणि त्यात बदामाचे सारण असते. स्कीचे शिक्षणही तेथे तीन-चार वर्षांपासून सुरू होते, आणि प्रथम हातात काठ्या देत नाहीत, म्हणजे तोल पायांनीच सावरण्याची सवय लागते. स्वीडनमध्ये मार्चच्या पहिल्या रविवारी सेलेन ते मोरा अशी ९० किलोमीटरांची वासालोपेत ही स्कीची शर्यत १९२२ पासून होत आली आहे. तिच्या आगेमागे मुलांसाठी लहान शर्यत असते, आणि आपल्याकडील पाहुण्या मुलाने दुसऱ्याच दिवशी तीत उतरावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

लॅपलंडला जायचे तर हेलसिंकीहून रात्रीच्या आगगाडीने जावे, विमानाने नव्हे, अशी माझी शिफारस आहे. संध्याकाळी गाडीत चढावे, निजण्याच्या डब्यात मुलांना वरच्या फळीवर झोपवावे, आणि जवळजवळ बारा तासांनी बर्फाच्छादित पाइनच्या अरण्यातून रोव्हानिएमीत उतरावे. या गावाचा इतिहास मुलांपेक्षा त्यांच्या आईबापांना अधिक विचारात पाडील. १९४४ च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते जवळजवळ संपूर्ण जाळले. युद्धानंतर विख्यात वास्तुशिल्पी आल्वार आल्तो यांनी त्याची नवी आखणी केली आणि रस्त्यांच्या जाळ्याला रेनडियरच्या शिंगयुक्त मस्तकाचा आकार दिला. १९५० साली एलिनॉर रूझवेल्ट उत्तरेच्या पुनर्वसनाचे काम पाहण्यास येणार असे ठरले, तेव्हा आर्क्टिक वृत्ताजवळ घाईघाईने एक लाकडी झोपडी उभारण्यात आली. पुढे तेथेच, १९८५ मध्ये, सांताक्लॉजचे गाव वसले. सांताचे मूळ ठाणे त्याहून दूर, रशियाच्या सीमेवरील कोर्व्हातुंतुरी या डोंगरात आहे असे फिनलंडच्या मुलांना १९२७ मध्ये आकाशवाणीवरून मार्कुस राउतिओ या ‘मार्कुसकाकां’नी सांगितले होते, परंतु त्या दुर्गम जागी प्रवासी पोचणे अवघड, म्हणून त्याची कचेरी रस्त्यावर आणण्यात आली, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच ठरले. आवारात आर्क्टिक वृत्ताची रेघ आखलेली आहे व तिच्यावर पाय फाकून छायाचित्र घेण्याचा प्रघात आहे. पृथ्वीच्या अक्षाचा कल सूक्ष्मपणे बदलत असल्याने खरे वृत्त दरवर्षी सुमारे चौदा-पंधरा मीटर उत्तरेस सरकते व ती रेघ जागच्या जागी राहते. पण दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या भेटीसाठी रांगेत उभ्या असलेल्या मुलाला हे सांगून काही साधत नाही.

रेनडियरच्या गाडीत बसण्याचा योग लॅपलंडमध्ये सहज येतो, आणि लहान मुलांना ती गाडी कुत्र्यांच्या गाडीपेक्षा अधिक मानवते, कारण रेनडियर चालतो संथ आणि ओरडत तर मुळीच नाही. हस्की कुत्र्यांच्या गाड्या हे तेथील परंपरागत वाहन आहे असा प्रवाशांचा समज असतो, तो खरा नाही. त्या गेल्या काही दशकांत पर्यटनाबरोबर आल्या. रेनडियर मात्र त्या मुलखाचे जुने धन होय. फिनलंडमध्ये ५४ पालन-संघ मिळून सुमारे दोन लाख रेनडियर राखतात, प्रत्येक जनावराची मालकी कानावरील छेदांवरून ओळखली जाते, आणि गुराख्याला ‘तुमच्याकडे किती रेनडियर आहेत’ असे विचारणे अप्रशस्त समजतात, कारण ती त्याच्या खजिन्याची विचारपूस ठरते. या भूमीचे आदिनिवासी सामी लोक. त्यांच्या वेषाची नक्कल अंगावर चढवून आणि खोटे मांत्रिक उभे करून जे तमाशे प्रवाशांपुढे मांडले गेले, त्यांविषयी सामी समाजाने स्पष्ट नाराजी व्यक्त केली आहे, व फिनलंडमधील सामी संसदेने २०१८ मध्ये पर्यटनासाठी आचारसंहिताही संमत केली. मुलांना सामी जीवनाची ओळख करून द्यायची असेल तर इनारी येथील ‘सीदा’ संग्रहालय गाठावे; तेथे ते लोक स्वतःविषयी स्वतः बोलतात.

उत्तर ध्रुवप्रकाशाविषयी थोडक्यात. सूर्याकडून येणारे विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवप्रदेशाकडे वळतात, शंभर किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवर प्राणवायू आणि नत्रवायू यांच्या अणुरेणूंवर आदळतात, आणि त्या आघातातून हिरवा, क्वचित तांबडा वा जांभळा प्रकाश बाहेर पडतो. तो दिसण्यास स्वच्छ आकाश, अंधार आणि दैव या तिन्हींची अनुकूलता लागते. पाच वर्षांच्या मुलाला मध्यरात्री उणे वीस अंशांत या तिघांची वाट पाहत उभे करणे मला अन्यायाचे वाटते. आईबापांनी आळीपाळीने बाहेर पाहावे आणि खरोखर काही दिसले तरच त्याला उठवावे.

त्यापेक्षा मुलाच्या देहाला व मनाला सुखवणारी संध्याकाळची गोष्ट म्हणजे सौना. पंचावन्न-छप्पन्न लाख वस्तीच्या फिनलंडमध्ये तीस लाखांहून अधिक सौना आहेत आणि २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीची अमूर्त वारशात नोंद केली. तापलेल्या दगडांवर पाणी टाकले की उठणारी वाफ मोठ्यांना वरच्या बाकावर भाजून काढते, खालच्या बाकावर मात्र ती सौम्य असते, म्हणून मुले तेथे बसतात, थोडा वेळ थांबतात, भरपूर पाणी पितात. भाड्याच्या लाकडी झोपडीत सौना बहुधा असतेच, स्वयंपाकघरही असते. शाकाहारी कुटुंबाने तांदूळ, डाळ व मसाल्याची पुडी बरोबर नेली म्हणजे वरणभाताची चिंता उरत नाही. तेथील लोकांचा दुधात शिजवलेला, वर साखर व दालचिनी पेरलेला तांदळाचा ‘रीसिपूरो’ आपल्या मुलांना खिरीच्या सख्ख्या भावासारखा वाटून पटकन आवडतो.

शहरातील दिवसांची सोयही उत्तम. हेलसिंकीत बाबागाडीत मूल असलेल्या माणसाला ट्राम-बसचे भाडे पडत नाही. २०१८ च्या डिसेंबरात उघडलेल्या ‘ओदी’ या सार्वजनिक ग्रंथालयात बाबागाड्यांची रांग लागलेली असते; कोणी हटकत नाही, शुल्क नाही, आणि बाहेर वारा सुटला तर मुलांनी तेथे खुशाल अर्धा दिवस काढावा. ताम्पेरे शहरात २०१७ पासून मूमिन संग्रहालय आहे. तोवे यानसोन यांच्या लेखणीतून व कुंचल्यातून उतरलेल्या त्या गुबगुबीत प्राण्यांपैकी एक जण, १९५७ च्या एका पुस्तकात, दीर्घ निद्रेतून अवेळी जागा होऊन आयुष्यात प्रथमच हिवाळा पाहतो. उष्ण देशातून आलेल्या मुलाला त्याच्याशी मैत्री करणे सोपे जाते.

परवान्यांचे म्हणाल तर फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क व आइसलँड हे पाचही देश शेंगेन व्यवस्थेत असल्याने एकच परवाना चालतो. सहा वर्षांखालील मुलाला त्याची फी नाही आणि बारा वर्षांखालील मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. खरी अडचण आपल्या शाळांची आहे. फेब्रुवारी-मार्च म्हणजे येथे वार्षिक परीक्षांचा हंगाम, त्यामुळे ही सहल मूल शाळेच्या कचाट्यात सापडण्यापूर्वीच उरकलेली बरी. स्टॉकहोम वा हेलसिंकीकडे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही अडचण नाही, त्यांना क्रीडेची सुटी आपसूकच मिळते. परंतु भारतातून त्यांच्याकडे येणारे आजी-आजोबा थंडीच्या धास्तीने नेहमी जून-जुलैच शोधतात. त्यांनी एकदा फेब्रुवारीत येऊन पाहावे. बुटांखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे तेथील दुकानांत मिळतात, व त्याहून नामी अशी एक गाडी मिळते: लांब लोखंडी धावपट्ट्यांची, मागे धरायला दांडा असलेली आणि पुढे आसन असलेली, जिला स्वीडनमध्ये ‘स्पार्क’ म्हणतात. आजोबांनी दांडा धरून एक पाय पट्टीवर ठेवावा, दुसऱ्याने रेटा द्यावा, पुढच्या आसनावर नातवाला बसवावे, आणि वाण्याकडून दूध-पाव आणायला जावे. तेथील वृद्ध मंडळी वर्षानुवर्षे बाजार असाच करीत आली आहेत.